बोडी, मे महिना आणि दोन नोकऱ्या: नागपूरच्या एका इकॉलॉजिस्टचं प्रकरण

पीएच.डी. हातात, वय तिशीच्या जवळ, घर मानेवाड्याकडे, आणि समोर दोन नोकऱ्या. एक महाविद्यालयातली, एक सल्लागार संस्थेतली. कोणती धरायची, हे विचारायला ती माझ्याकडे आली. मी आधी काही वर्षं शिकवलं आणि पुढे पर्यावरण मंजुरीच्या अहवालांतली जैवविविधतेची प्रकरणं तपासत बसलो, त्यामुळे दोन्ही घरांचं मीठ खाल्लंय. तिच्या परवानगीनं लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून गावं आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

तिचा विषय सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्रात, नेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, त्याच विषयात, आणि पीएच.डी. पूर्व विदर्भातल्या मामा तलावांवर. मामा म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात असे तलाव हजारोंनी आहेत. बरेचसे कोहळी समाजाच्या पिढ्यांनी बांधलेले. त्यांची धाकटी बहीण म्हणजे बोडी: धानाच्या वरच्या अंगाला घातलेली छोटी पाळ, जिच्या पाण्यावर शेवटचं पाणी भागतं. या बोड्यांत पावसाळ्यात काय उगवतं, हिवाळ्यात कोण उतरतं आणि कडेला बेशरम नावाची तणझुडपं माजली की देवधानाचं काय होतं, हे तिनं मोजलं. देवधान म्हणजे रानटी भात, पाणपक्ष्यांचं आवडतं खाणं. कोणती वनस्पती कुठल्या खोलीत येते हे तिला पुस्तकाआधी धीवर बायांनी शिकवलं, आणि प्रबंधात तिनं तसं लिहिलंही आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. या बोडीचा जीव जुलै ते फेब्रुवारी. मे महिन्यात तिथे भेगाळलेली माती असते, त्यात गुरं बसतात आणि पोरं क्रिकेट खेळतात. तिचं सगळं ज्ञान पाणी असतानाचं आहे. हे लक्षात ठेवा.

समोर आलेल्या नोकऱ्या अशा. शहराबाहेरच्या एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचं: पदवीच्या सगळ्या शाखांना सक्तीचा असलेला पर्यावरण अभ्यास, आणि गरज पडेल तसे वनस्पतिशास्त्राचे प्रॅक्टिकल. दुसरी, मंजुरीसाठी पर्यावरण आघात मूल्यांकन, म्हणजे ईआयए, करून देणाऱ्या नागपुरातल्या एका संस्थेत ‘फंक्शनल एरिया असोसिएट, इकॉलॉजी अँड बायोडायव्हर्सिटी’. दक्षिणेत पोस्टडॉकची एक तिसरी शक्यता होती, पण वडिलांची तब्येत पाहता ती तिनं स्वतःच बाजूला ठेवली. मी त्यात पडलो नाही.

तिनं वहीत दोन रकाने करून आणले होते. ‘अ‍ॅकॅडमिक’च्या खाली: स्वातंत्र्य, शोधनिबंध, विद्यार्थी, सुट्ट्या, मान, सुरक्षितता. ‘प्रायव्हेट’च्या खाली: पगार, दगदग, टार्गेट, मालक सांगेल ते लिहायचं. मी वही वाचली आणि विचारलं, यातली सुरक्षितता कुठल्या कागदावर लिहून मिळाली आहे? मिळाली नव्हती. डाव्या रकान्यात तिनं कायम प्राध्यापकाचं आयुष्य लिहिलं होतं, जे तिला कुणी देऊ केलंच नव्हतं. उजव्या रकान्यात मात्र सल्लागार धंद्याचं सगळ्यात वाईट रूप. स्वप्नाची तुलना धास्तीशी चालली होती. असं करणारी ती एकटी नाही. नागपुरात माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं हेच करतात, आणि त्यांचे गाइडही त्यांना हेच करायला शिकवतात, कारण गाइड स्वतः कायम पदावर असतात.

म्हणून रकाने नव्यानं भरले. डावीकडे: तासिका. जेवढे तास तेवढं मानधन, तेही शैक्षणिक वर्ष चालू असेपर्यंतच. उन्हाळ्यात शून्य. पुढच्या वर्षी तेच महाविद्यालय पुन्हा बोलावेल याची हमी नाही. प्रयोगशाळा वनस्पतिशास्त्राची, तिची नाही. पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येणार नाहीत. आकड्यांत बोलायचं तर जानेवारी २०२३ पासून एसआरएफची, म्हणजे पीएच.डी. करणाऱ्या वरिष्ठ संशोधकाची, फेलोशिप महिना ४२,००० आहे आणि कायम सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन सातव्या आयोगात ५७,७००. संस्थेनं देऊ केलेला पगार या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी होता. तासिकेचं वर्षभराचं उत्पन्न बाराने भागलं की ते फेलोशिपच्याही बरंच खाली येत होतं. म्हणजे डॉक्टरेट मिळाल्यावर कमाई घटणार. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मग कायम पद कधी? इथे तिच्या पदवीची एक अडचण आहे, ती एम.एस्सी.ला प्रवेश घेताना कुणी सांगत नाही. महाविद्यालयांत जागा निघतात त्या वनस्पतिशास्त्राच्या आणि प्राणिशास्त्राच्या. पर्यावरण अभ्यास सगळ्यांना सक्तीचा असला तरी त्यासाठी स्वतंत्र पद क्वचितच असतं. तो पेपर ज्याच्याकडे तास कमी पडतात त्याच्या गळ्यात मारला जातो. पर्यावरणशास्त्रात नेट झालेल्यांनी वनस्पतिशास्त्राच्या जागेला अर्ज केला की ‘संबंधित विषय’ या दोन शब्दांवर छाननीत वाद होतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) जून २०२३ च्या अधिसूचनेनंतर सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट पुरेशी आहे, पीएच.डी. सक्तीची नाही. तिच्याकडे दोन्ही असल्यानं ती पात्र होतीच. पण पात्र असणं आणि जागा असणं यांच्यामध्ये बिंदुनामावली (आरक्षणाची पदवार यादी), पदमान्यता आणि जाहिरात असा लांब रस्ता आहे. तो किती वर्षांचा, हे त्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनाही सांगता आलं नाही. त्यांनी ते प्रामाणिकपणे कबूल केलं, ही त्यांची जमेची बाजू.

घरचं मत वेगळ्याच गोष्टीवर अडलं होतं. वडील म्हणाले, “कंपनी गिंपनी ठीक हाय, पण पर्मनंट कोणतं हाय ते सांग.” दोन्हींतलं एकही नाही, असं तिनं सांगितल्यावर ते गप्प झाले. आईची चिंता आणखी साधी होती: “डॉक्टर झाली तं झाली, पण लोकायले काय सांगू, कुठं लागली म्हणून?” यावर मी तिला सल्ला दिला नाही. मला येत नाही.

उजवा रकाना भरायला वेळ लागला, कारण सल्लागार संस्थेत इकॉलॉजिस्ट नेमकं काय करतो हे तिला माहीतच नव्हतं. विद्यापीठात ते शिकवत नाहीत. थोडक्यात असं: २००६ च्या ईआयए अधिसूचनेत येणाऱ्या खाणी, वीज प्रकल्प, सिमेंट, महामार्ग यांना मंजुरीआधी अभ्यास करून घ्यावा लागतो, आणि तो नॅबेट या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच. अशा संस्थेत हवा, पाणी, माती, समाज अशा प्रत्येक क्षेत्राचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ लागतो. नवखा माणूस आधी असोसिएट म्हणून त्या तज्ज्ञाच्या हाताखाली काम करतो आणि अनुभव जमला की स्वतः मान्यतेला उभा राहतो. नागपुरात या कामाला तोटा नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सचं आणि मॉइलचं मुख्यालय इथेच, कोराडी-खापरखेड्याची वीज इथली, आणि राज्याच्या वनखात्याचं मुख्यालयही सिव्हिल लाइन्समध्येच. खाणवाला, सल्लागार आणि वनाधिकारी एकमेकांपासून काही किलोमीटरांवर बसतात. शिवाय सेबीनं २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल, बीआरएसआर, सक्तीचा केल्यापासून कंपन्यांच्या आतही ‘आपल्या प्रकल्पाशेजारी संवेदनशील क्षेत्र आहे का’ हे सांगणारा माणूस लागू लागला आहे.

आता या कामाची खोट. बेसलाइन, म्हणजे प्रकल्पाआधीच्या स्थितीची नोंद, एका हंगामाची लागते आणि तो हंगाम पावसाळा सोडून. का? कारण वेळापत्रक हवेच्या मोजणीनं ठरतं: आठवड्यातून दोनदा, बारा आठवडे, धुळीची यंत्रं लावायची. पावसात धूळ बसलेली असते, म्हणून पावसाळा वगळायचा. धुळीसाठी हे बरोबरच आहे. पण बाकी सगळे विषय त्याच गाडीत बसवले जातात. मार्च ते मे धरला, आणि नागपूरकडे पुष्कळदा तोच धरतात, तर इकॉलॉजिस्ट प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटरांत पोहोचतो तेव्हा साग बोडका झालेला, गवत जळालेलं, बेडूक जमिनीखाली आणि बोडीत भेगा. तो क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीचे चौकोन, टाकतो, मोह, ऐन, धावडा, तेंदू, पळस मोजतो, पक्ष्यांची यादी करतो आणि परत येतो. जमिनीलगतच्या वनस्पतींच्या तक्त्यात चार-पाच नावं असतात. उभयचरांच्या तक्त्यात ‘स्थानिकांशी चर्चेवरून’ असं लिहून एक-दोन.

वन्यजीवांचंही तसंच. वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट एकमधली प्रजाती सापडली की तिच्यासाठी संवर्धन आराखडा करून मुख्य वन्यजीव रक्षकांची मान्यता घ्यावी लागते. मोर परिशिष्ट एकमध्ये आहे, आणि विदर्भात मोर नाही असं शिवार शोधून दाखवा. त्यामुळे जवळपास प्रत्येक अहवालाला आराखडा जोडलेला असतो, आणि त्यातले पाणवठे, फलक आणि शाळेतली जनजागृती इतकी सारखी असतात की एकदा एका आराखड्यात दुसऱ्याच तालुक्याचं नाव राहून गेलेलं मी पाहिलंय. अस्वल, खवल्या मांजर, चौसिंगा असला तरी पाणवठा तोच.

हे सगळं ऐकून तिचा चेहरा पडला. म्हणाली, मग तुम्हीच सांगताय की नको. मी तसं सांगत नव्हतो. याच क्षेत्रात मनसर ते खवासा महामार्गही झाला आहे. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलला आहे, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. त्यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या, भारतीय वन्यजीव संस्थेचा अभ्यास लागला, आणि आता त्या पुलांखालून वाघ, रानकुत्रे, चितळ जाताना कॅमेऱ्यात येतात. कुठे उचलायचा, किती उचलायचा हे सांगायला प्राण्यांच्या वाटा ओळखणारे लोक लागले, आणि त्यांचं ऐकायला अभियंते लागले. शोधनिबंधानं एकटा पूल उभा राहत नाही. नोकरी सरकारी की खासगी याच्यापेक्षा, कागदावर तुमचं वाक्य कुठल्या टप्प्यावर येतं आणि ते कोण खोडू शकतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. तिला मी तेच विचारायला लावलं.

म्हणून ती संस्थेच्या संचालकांकडे पगार वाढवायला गेली नाही. तीन अटी घेऊन गेली. एक, तिच्या प्रबंधाची आकडेवारी तिची राहील, कुठल्याही ग्राहकाच्या अहवालात विचारल्याशिवाय जाणार नाही. दोन, तिच्या पाहणीच्या मूळ नोंदी, तारीख आणि जीपीएससह फोटो, संस्थेच्या सर्व्हरवर जशाच्या तशा राहतील, आणि तिच्या मसुद्यात बदल झाला तर तो कुणी केला याची नोंद असेल. तीन, प्रकल्पाच्या माहितीवर तिला शोधनिबंध लिहिता येईल. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर ‘ग्राहकाच्या लेखी संमतीनं, मंजुरी मिळाल्यानंतर’ असं आलं. माझ्या मते तिनं इथे आणखी ताणायला हवं होतं, कारण अंतिम अहवाल तसाही मंजुऱ्यांच्या सरकारी परिवेश पोर्टलवर सार्वजनिक होतो. तिनं ताणलं नाही. तिला नोकरी हवी होती, आणि मी कायम पदावर बसून सल्ला देत नसलो तरी भाडं माझं थकत नव्हतं.

एक तोटा तिनं मोजला नव्हता. अभयारण्यात संशोधनाला जायचं तर वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली परवानगी लागते. विद्यापीठाच्या लेटरहेडवर, गाइडच्या सहीनं, ती संशोधनासाठी मिळते. सल्लागार संस्थेकडून मिळते ती त्या प्रकल्पापुरती. बोड्यांवर तिचं स्वतःचं काम चालू ठेवायचं तर गाइडच्या विभागाशी नातं जपावं लागणार होतं. तिनं गाइडना तसं सांगितलं. ते आधी रुसले, मग म्हणाले, रविवारी येत जा.

तिनं संस्था धरली.

पहिलं वर्ष याद्यांत गेलं. पुढचं प्रकरण उमरेडच्या पूर्वेला एका खाणीच्या विस्ताराचं. बफरमध्ये, म्हणजे प्रकल्पाभोवतीच्या दहा किलोमीटरांत, एक बोडी. पाहणी मेमध्ये, अर्थातच. तिनं कोरड्या बोडीतली माती उकरून बिया गोळा केल्या, पाळीवर बेशरमीचे खुंट मोजले, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून पावसाळ्यात पाणी कुठवर येतं याच्या खुणा दगडांवर पाहिल्या आणि मसुद्यात लिहिलं: ही हंगामी पाणथळ आहे, पावसाळी पाहणीशिवाय इथल्या जैवविविधतेबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही. संस्थेतल्या, अहवाल जुळवणाऱ्या समन्वयकानं ते वाक्य काढलं. त्याचं म्हणणं असं की अधिसूचना एकच हंगाम मागते, तो आपण केला, उगाच ग्राहकाला खर्चात का पाडायचं. जमीन-वापराच्या नकाशावर ती बोडी ‘पडीक’ रंगात गेली. ठरल्याप्रमाणे बदल कुणी केला याची नोंद मात्र राहिली.

ती चिडून माझ्याकडे आली आणि राजीनाम्याचं बोलू लागली. मी म्हटलं, जनसुनावणी होऊ दे. मसुदा अहवालाचा मराठी सारांश गावात वाटावा लागतो. तो सारांश तिच्याकडेच भाषांतराला आला होता. त्यात नकाशा होता, आणि नकाशात गावकऱ्यांना आपली बोडी पडीक दिसली.

सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं घेतली, जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीनं अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष. बहुतेक लोक नोकऱ्या, मोबदला आणि ब्लास्टिंगनं भिंतींना पडणाऱ्या तड्यांवर बोलले. मग एक शेतकरी उठला. “साहेब, तुमी बोडी पाहाले आले मे मयन्यात. तवा तं आमीबी तिच्यात बैलं बसवतो. आखाडात येऊन पाहा नं, माझ्या दोन एकर धानाले पाणी कुठून येते ते.” मंडपात हशा झाला, पण वाक्य इतिवृत्तात गेलं. आणि सुनावणीत आलेल्या मुद्द्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावंच लागतं. समन्वयकाला उत्तर कुठून आणायचं हा प्रश्न पडला, तेव्हा सर्व्हरवर तिचा मूळ मसुदा, तारखेसह फोटो आणि पाणीखुणांच्या नोंदी तयार होत्या. वाक्य परत आलं. नकाशाचा रंग बदलला. ऑगस्टमध्ये एक जादा पाहणी झाली आणि मंजुरीच्या अटी पाळल्याच्या सहामाही अनुपालन अहवालात बोडीच्या देखरेखीचा मुद्दा घालायचं ग्राहकानं मान्य केलं. खूश होऊन नाही.

काही जण याला खासगी क्षेत्राचा विजय म्हणतील. मला तसं दिसत नाही. तो शेतकरी उठला नसता तर बोडी कागदावर पडीकच राहिली असती, आणि हाच अनुभव मला जास्त वेळा आलाय. अहवालाचे पैसे प्रकल्पवालाच देतो, ही या पद्धतीतली गाठ तिच्या तीन अटींनी सुटत नाही. फरक एवढाच की वेळ आली तेव्हा हातात नोंदी होत्या. आणि प्रबंधानं कमावलेली नजर नसती, तर कोरड्या बोडीत बिया शोधायला ती वाकलीच नसती.

महाविद्यालयाची बाजूही सांगायला हवी. तिच्या जागी तासिकेवर जो मुलगा लागला, त्यानं शनिवारी विद्यार्थ्यांना अंबाझरीवर नेऊन पक्षी मोजायला लावायला सुरुवात केली आहे. त्या नोंदी नियमित आणि चांगल्या आहेत, आणि असं दीर्घकाळाचं मोजमाप कुठलाही ग्राहक पैसे देऊन करून घेणार नाही. उन्हाळ्यात तो शिकवण्या घेतो. त्याला मी संस्थेत जा म्हणून सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्याचं घर दुसऱ्या पगारावर चालतं आणि त्याचं मन वर्गात रमतं.

तिची आजची स्थिती अशी. स्वतंत्र मान्यतेसाठी लागणारा अनुभव जमत आला आहे. धानपट्ट्यातल्या प्रकल्पांना दोन हंगामांची पाहणी कोटेशनमध्येच धरायची, हे तिनं संचालकांच्या गळी उतरवलं. त्यामुळे एक काम हातचं गेलं आणि ते तिच्या नावावर बोललंही जातं. प्रबंधातला एक शोधनिबंध छापून आला, दुसरा रविवारांवर अडकलाय. मधल्या काळात एका महाविद्यालयात कायम पदाची जाहिरात आली, विषय वनस्पतिशास्त्र. वडिलांनी कात्रण कापून ठेवलं. तिनं अर्ज भरला, ‘संबंधित विषय’च्या पुराव्यासाठी अभ्यासक्रमाच्या प्रती जोडल्या, आणि प्राचार्यांना आधीच फोन करून विचारलं की संशोधन केंद्राची मान्यता आहे का, आणि बोड्यांवर काम करणारे विद्यार्थी घेता येतील का. मान्यतेचा प्रस्ताव पाठवलाय, असं उत्तर मिळालं. तिनं तो प्रस्ताव मागवून घेतला आहे.